तीन देशांची एक विमान कंपनी कुठे गेली?

प्रश्न : माझे वडील 1960 च्या दशकात नैरोबीत सरकारी कचेरीत नोकरीला होते. आधी ते रजेवर बोटीने येत, पुढे 'ईस्ट आफ्रिकन एअरवेज'च्या विमानाने मुंबईला उतरत आणि तिथून गोव्याला येत. आज मुंबईच्या विमानतळावर केनिया एअरवेजचे नाव दिसते, पण ईस्ट आफ्रिकन एअरवेज मात्र कुठेच नाही. ही कंपनी नेमकी कोणाची होती? ती का बंद पडली, आणि तिच्या विमानांचे पुढे काय झाले?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ईस्ट आफ्रिकन एअरवेज ही केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांची सामाईक कंपनी होती. 1 जानेवारी 1946 रोजी ती सुरू झाली आणि 1977 च्या जानेवारीअखेर तिची उड्डाणे कायमची थांबली. एकूण आयुष्य 31 वर्षांचे. तिन्ही देश स्वतंत्र झाल्यानंतरचा काळ धरला, तर तो जेमतेम 13 वर्षांचा भरतो. तिला प्रवाशांची वानवा नव्हती, विमाने चांगली होती, वैमानिक आणि तंत्रज्ञ तयार होते. तिच्या मालकांनी आधी एकत्र बसणे सोडले आणि मग एकमेकांचे देणे चुकते करणे सोडले. माझ्या मते ती बुडण्याचे मूळ इथेच आहे. आपल्या पत्रातले पोटप्रश्न एकेक करून घेतो, म्हणजे हे म्हणणे का पटते ते दिसेल.

प्रश्न : तीन देशांनी मिळून एकच विमान कंपनी काढावी, ही कल्पना आली कुठून?

उत्तर : त्या वेळी ते तीन स्वतंत्र देश नव्हते. केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार हे चारही प्रदेश ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. चलन एकच होते, ईस्ट आफ्रिकन शिलिंग. टपाल, बंदरे, रेल्वे यांचा कारभारही सामाईक होत चालला होता. विमानसेवा त्याच पठडीत आली.

नैरोबीत विमाने त्याआधीही उडत होती. 1929 मध्ये फ्लोरेन्स केर विल्सन या बाईंनी तिथे 'विल्सन एअरवेज' काढली होती. दुसरे महायुद्ध सुरू झाले, विमाने आणि वैमानिक लष्कराकडे गेले आणि ती कंपनी संपली. नैरोबीतला छोट्या विमानांचा विमानतळ आजही विल्सन या नावाने ओळखला जातो.

युद्धानंतर चार प्रदेशांच्या सरकारांनी मिळून ईस्ट आफ्रिकन एअरवेज उभी केली आणि ब्रिटनच्या 'बीओएसी' या सरकारी कंपनीने तिला हात दिला. सुरुवातीचा ताफा होता सहा 'ड्रॅगन रॅपिड' विमानांचा. दोन इंजिनांची, दुहेरी पंखांची, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली ही विमाने जेमतेम आठ माणसे नेत. मुख्यालय नैरोबीत होते आणि भांडवलातला सर्वांत मोठा वाटाही केनियाचाच. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या भांडणाचे बी या दोन गोष्टींतच आहे.

1964 मध्ये टांगानिका आणि झांझिबार एक होऊन टांझानिया झाला आणि चाराचे तीन भागीदार उरले.

प्रश्न : मुंबईशी तिचा संबंध कसा आला?

उत्तर : मुंबई आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा यांच्यातली ये-जा विमानांपेक्षा फार जुनी आहे. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधण्यासाठी सुमारे 32,000 मजूर हिंदुस्थानातून नेले गेले. त्यांपैकी सुमारे 2,500 जण तिथेच मरण पावले आणि 6,700 च्या आसपास तिथे राहिले. त्यांच्यामागून गुजराती व्यापारी गेले, पंजाबी कारागीर गेले. गोव्याची माणसे मोठ्या संख्येने सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत कारकून, हिशेबनीस म्हणून लागली. आपले वडील त्याच परंपरेतले.

या सगळ्यांना मायदेशाशी जोडणारी वाट समुद्राची होती. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'करंजा' आणि 'कंपाला' या बोटी मुंबईहून मोंबासा, झांझिबार, दारेसलाम करत दक्षिणेकडे जात. तीन-चार वर्षांतून एकदा मिळणाऱ्या रजेचा बराच भाग पाण्यावरच सरे. एअर इंडियाने जानेवारी 1950 मध्ये मुंबई–एडन–नैरोबी अशी सेवा सुरू केली. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात लांब पल्ल्याची विमाने हाती आल्यावर ईस्ट आफ्रिकन एअरवेजही एकीकडे लंडनला आणि दुसरीकडे कराची-मुंबईला जाऊ लागली. 1960 मध्ये तिच्याकडे 'कॉमेट 4' ही जेट विमाने आली आणि आठवड्या-दीड आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला.

नैरोबीचा एम्बाकासी विमानतळ 1958 मध्ये खुला झाला होता. हजारो प्रवाशांनी ज्या धावपट्टीवरून उड्डाण केले, ती ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यात पकडलेल्या स्थानबद्धांच्या सक्तीच्या श्रमातून तयार झाली होती. या कंपनीचा इतिहास सांगताना त्या माणसांची आठवण वगळता येत नाही.

प्रश्न : वडील 'व्हीसी-10' या विमानाचे फार कौतुक करत. त्यात एवढे काय होते?

उत्तर : ते कौतुक रास्त होते. नैरोबीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरापेक्षाही उंच. अदिस अबाबाचा तर 2,300 मीटरच्या आसपास. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, त्यात दुपारचे ऊन पडले की आणखी विरळ होते. पंखांना पुरेशी उचल मिळत नाही, इंजिनांचा जोर घटतो आणि विमानाला धावपट्टी अधिक लांब लागते. मग एक तर प्रवासी कमी घ्यायचे, नाहीतर इंधन कमी भरून वाटेत जास्त वेळा उतरायचे.

ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने व्हीसी-10 हे विमान अशाच उंच आणि उष्ण विमानतळांसाठी बांधले. चारही इंजिने शेपटीजवळ नेली आणि पंख पूर्ण मोकळे ठेवले, त्यामुळे कमी वेगातही पंखांना भरपूर उचल मिळे. इंजिने मागे असल्याने पुढच्या भागात आवाजही कमी. ईस्ट आफ्रिकन एअरवेजने याच विमानाचा लांब नमुना, 'सुपर व्हीसी-10', 1966 पासून घेतला. एकूण पाच विमाने आली. त्यांना पुढच्या अंगाला माल चढवण्याचा मोठा दरवाजा होता, म्हणजे एकाच फेरीत माणसेही जात आणि मालही.

या पाच विमानांची नोंदणीही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक विमानाच्या अंगावर ते ज्या देशात नोंदले असेल त्याची खूण असते : केनियाची 5-वाय, टांझानियाची 5-एच, युगांडाची 5-एक्स. ईस्ट आफ्रिकन एअरवेजने आपली विमाने तिन्ही देशांत वाटून नोंदली होती. विमान कंपनीचे, पण कागदोपत्री ते कुठल्या ना कुठल्या एका देशाचे. भागीदारी गुण्यागोविंदाने चालली होती तोवर यात अभिमानाची वाटणी होती. भांडण लागल्यावर मात्र कोणते विमान कोणाचे, हा प्रश्न उभा राहिलाच.

कंपनीवर सर्वांत मोठा घाला आला तो 18 एप्रिल 1972 रोजी. नैरोबीहून लंडनला निघालेले सुपर व्हीसी-10 अदिस अबाबाच्या धावपट्टीवर धावत असताना पुढचे चाक तिथे पडलेल्या एका पोलादी तुकड्यावरून गेले आणि टायर फुटला. तो तुकडा एका छोट्या विमानातून पडलेला होता. वैमानिकाने उड्डाण रद्द करून ब्रेक लावले, पण ब्रेकच्या यंत्रणेतली जोडणी चुकलेली असल्याने विमान वेळेत थांबले नाही. ते धावपट्टीबाहेर जाऊन कोसळले आणि पेटले. 107 जणांपैकी 43 जणांचा मृत्यू झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युगांडाचा लष्करी सत्ताधीश इदी अमीन याने तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. एन्टेबीहून त्यांना ब्रिटनला पोहोचवणाऱ्या कंपन्यांमध्ये ईस्ट आफ्रिकन एअरवेजही होती. ज्या लोकांना ती वर्षानुवर्षे सुटीला नेत-आणत होती, त्यांना तिने आता परतीच्या तिकिटाशिवाय नेले.

प्रश्न : मग ती बंद का पडली?

उत्तर : 1967 मध्ये तिन्ही देशांनी करार करून 'पूर्व आफ्रिकी समुदाय' स्थापला. कार्यालय टांझानियातल्या आरुशा शहरात. सामाईक संस्थांची मुख्यालये वाटून देण्यात आली : बंदरांचे दारेसलामला, टपाल-दूरध्वनीचे कंपालाला, रेल्वे आणि विमान कंपनी यांची नैरोबीत. सर्वांत वर तिन्ही राष्ट्राध्यक्षांचे मंडळ होते आणि मोठे वाद त्यांनी एकत्र बसून मिटवायचे होते.

तक्रारी मुबलक होत्या आणि प्रत्येकीत तथ्य होते. टांझानिया आणि युगांडा म्हणत की विमाने दुरुस्त होतात नैरोबीत, नोकऱ्या नैरोबीत, परदेशी पर्यटक उतरतो तो नैरोबीत. आमच्या सेरेंगेटीतले सिंह बघायला येतो आणि हॉटेलचे पैसे केनियात ठेवून जातो. म्हणून टांझानियाने 1971 च्या अखेरीस किलिमांजारोच्या पायथ्याशी स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडला. केनियाचे म्हणणे असे की नफा लांब पल्ल्याच्या मार्गांवर होतो, आणि तो टांझानियाच्या विरळ वस्तीतल्या छोट्या, तोट्यातल्या फेऱ्या चालवण्यात जातो. वर त्या देशांत विकलेल्या तिकिटांचे पैसे वेळेवर मुख्यालयाला येत नाहीत. तिन्ही देशांत आता वेगवेगळी चलने होती, परकीय चलनावर निर्बंध होते. 1973 मध्ये तेलाच्या किमती भडकल्यावर इंधनाचे बिल भागवणेही जड झाले.

असे वाद मिटवायला जे मंडळ होते, तेच बसेनासे झाले. जानेवारी 1971 मध्ये अमीनने युगांडात सत्ता बळकावली. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी त्याच्याबरोबर एका मेजावर बसायला नकार दिला. न्येरेरे यांची भूमिका नैतिकदृष्ट्या समजण्यासारखी होती. अमीनने पुढे जे केले ते पाहता ती बरोबरच ठरली. पण त्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या मंडळाची बैठक झालीच नाही. आपल्याकडे सामाईक विहिरीवर भाऊबंदांची पाळी ठरलेली असते. मोट कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, हे वर्षातून एकदा बसून ठरवावे लागते. ती बैठक थांबली की पाणी असूनही विहीर वापरातून जाते. ईस्ट आफ्रिकन एअरवेजचे तसेच झाले.

1976 संपता संपता कंपनी कर्जात रुतली होती. कोणाकडे किती येणे आहे यावर तीन सरकारांचे एकमत होईना. जानेवारी 1977 च्या अखेरीस विमाने जमिनीवर आली. केनियाने 22 जानेवारीलाच 'केनिया एअरवेज'ची नोंदणी केली होती. 4 फेब्रुवारीला भाड्याने आणलेल्या बोइंग 707 विमानांसह तिची उड्डाणे सुरूही झाली. त्याच सुमारास टांझानियाने केनियाशी असलेली सीमा बंद केली आणि आपल्या हद्दीत असलेल्या केनियाच्या पर्यटक गाड्या व छोटी विमाने अडकवून ठेवली. मार्चमध्ये 'एअर टांझानिया' स्थापन झाली. युगांडानेही स्वतःची 'युगांडा एअरलाइन्स' उभी केली. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाला भागीदारांनी मंजुरीच न दिल्याने 1 जुलै 1977 रोजी पूर्व आफ्रिकी समुदायही संपला.

प्रश्न : सामाईक विमान कंपन्या टिकतच नाहीत, असे म्हणायचे का?

उत्तर : नाही. ज्या 1946 साली ईस्ट आफ्रिकन एअरवेज जन्मली, त्याच वर्षी डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांच्या विमान कंपन्यांनी एकत्र येऊन 'एसएएस' ही कंपनी काढली. वाटे ठरले : स्वीडनचे तीन, इतर दोघांचे दोन-दोन. विमानेही तिन्ही देशांत वाटून नोंदलेली, अगदी ईस्ट आफ्रिकनसारखीच. मालकी आणि रचना पुढे बदलल्या, तरी ती कंपनी आजही उडते. त्या तीन देशांचे देणे-घेणे एकमेकांत चुकते होत होते आणि सरकारे बदलली तरी बैठका थांबल्या नाहीत.

वेगळे व्हायचे असेल तरी नीट वेगळे होता येते. मलेशिया आणि सिंगापूर यांची एकत्र कंपनी होती. दोघांचे जमेना, तेव्हा त्यांनी आधी विभागणी ठरवली आणि सगळे हिशेब आटोपून 1 ऑक्टोबर 1972 रोजी दोन कंपन्या केल्या. लांब पल्ल्याची जेट विमाने सिंगापूरकडे गेली, देशांतर्गत फेऱ्यांची विमाने मलेशियाकडे राहिली. आपल्याकडच्या आखाती प्रवाशांना परिचित असलेली 'गल्फ एअर' चार राज्यांची होती. कतार, अबू धाबी आणि ओमान एकामागून एक बाहेर पडले आणि 2007 पासून ती एकट्या बहारीनची झाली. कंपनी मात्र चालूच राहिली.

पूर्व आफ्रिकेत वाटणी झाली ती कंपनी मेल्यानंतर. व्हिक्टर उम्ब्रिख्ट या स्विस मध्यस्थाने अनेक वर्षे खपून समुदायाच्या सगळ्या संस्थांची मालमत्ता आणि देणी मोजली. मे 1984 मध्ये करार झाला : केनियाला 42 टक्के, टांझानियाला 32 टक्के, युगांडाला 26 टक्के. तोवर टांझानिया आणि युगांडा यांच्यात एक युद्ध होऊन गेले होते, अमीन परागंदा झाला होता आणि केनिया-टांझानिया सीमा जवळजवळ सात वर्षे बंद राहिली होती.

प्रश्न : विमानांचे काय झाले?

उत्तर : पाचपैकी एक सुपर व्हीसी-10 अदिस अबाबाला जळाले होते. उरलेली चार थकलेल्या पैशांपोटी बनवणाऱ्यांकडे ब्रिटनला परत गेली. ब्रिटिश हवाई दलाने ती विकत घेतली, आतली आसने काढून इंधनाच्या टाक्या बसवल्या आणि हवेतल्या हवेत लढाऊ विमानांना इंधन देणारी टँकर विमाने केली. केनिया, टांझानिया, युगांडा यांच्या नोंदणीची अक्षरे पुसून त्यांना लष्करी क्रमांक मिळाले. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून ती त्या कामावर होती.

ती चांगली अडीच-पावणेतीन दशके उडत राहिली. 25 सप्टेंबर 2013 रोजी जगातल्या शेवटच्या व्हीसी-10 ने शेवटचे उड्डाण केले, ते विमान ईस्ट आफ्रिकन एअरवेजच्याच ताफ्यातले होते. जगात बांधले गेलेले शेवटचे व्हीसी-10 हेही याच कंपनीसाठी 1970 मध्ये तयार झाले होते. तेही त्याच आठवड्यात निवृत्त झाले आणि इंग्लंडमध्ये जतन करून ठेवले गेले. ज्या कंपनीला ती विमाने सांभाळता आली नाहीत, तिच्यानंतर ती 36 वर्षे टिकली. दोष यंत्रांत नव्हता, याचा याहून चांगला पुरावा नाही.

प्रश्न : पुन्हा एकत्र येण्याचा प्रयत्न झाला का?

उत्तर : झाला, आणि तो आणखी अल्पायुषी ठरला. 1990 च्या दशकाच्या मध्यावर युगांडा, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेची साउथ आफ्रिकन एअरवेज यांनी मिळून 'अलायन्स एअर' काढली. आपल्याकडच्या त्याच नावाच्या कंपनीशी तिचा काही संबंध नाही. तळ एन्टेबीला, विमान बोइंग 747 चा आखूड नमुना, लक्ष्य लंडनच्या फेरीवर. खर्च मोठा आणि भागीदारांचे पाठबळ तोकडे, त्यामुळे तोटा साचत गेला आणि 2000 मध्ये ती बंद झाली. योगायोग असा की त्याच वर्षी पूर्व आफ्रिकी समुदायाचा नवा करार लागू झाला.

आज तिन्ही देशांच्या वेगवेगळ्या कंपन्या आहेत. केनिया एअरवेज मुंबईला येते. एअर टांझानियाने 2019 मध्ये दारेसलाम–मुंबई सेवा सुरू केली. युगांडा एअरलाइन्स 2001 मध्ये बंद पडली, 2019 मध्ये पुन्हा उभी राहिली आणि 2023 पासून तिनेही एन्टेबीहून मुंबई गाठली. एकेकाळी एका कंपनीचा असलेला मार्ग आता तीन कंपन्या वेगवेगळ्या चालवतात आणि तिघींनाही सरकारी आधाराशिवाय उभे राहणे कठीण जाते. 1999 च्या यामुसुक्रो निर्णयाने आणि 2018 च्या एकल आफ्रिकी हवाई बाजारपेठेने देशोदेशींचे आकाश एकमेकांना खुले करण्याची दिशा दाखवली आहे. त्यामुळे एकत्र येण्याची चर्चा पुन्हा होणार, हे उघड आहे.

ती व्हावी असे मला मनापासून वाटते. मात्र तशी कंपनी निघालीच तर तिच्या करारातले पहिले कलम कर्मचाऱ्यांचे असावे. समुदाय मोडला तेव्हा विमान कंपनीतले तंत्रज्ञ, कारकून, हवाई सेवक आणि इतर संस्थांतले हजारो लोक आपल्या निवृत्तिवेतनाची वाट पाहत राहिले. टांझानियातल्या जुन्या कर्मचाऱ्यांची त्यासाठीची कोर्टकचेरी एकविसाव्या शतकातही चालू होती, आणि त्यांतले कित्येक निकालाआधीच गेले. देशांची वाटणी टक्क्यांत झाली, विमानांना नवा मालक मिळाला. ज्यांनी ती विमाने उडवली त्यांचे देणे सर्वांत शेवटी राहिले. एकत्र येताना ते सर्वांत आधी लिहून ठेवता येते आणि त्यासाठी तिजोरीत आधीच पैसे बाजूला ठेवता येतात.